त्या शुक्रवारी कुणी फोन केला नाही

बायबलमधल्या वचनाचा अर्थ सांगण्याइतका मी मोठा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावरून शारजातल्या आमच्या मराठी प्रार्थनासभेने मला एका शुक्रवारी बोलायला सांगितले होते. ते मी बोललो नाही. म्हणून आज, इतक्या वर्षांनी, धीर करून लिहितो आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

वचन होते मोशेच्या हातांचे. खाली लढाई चाललेली आणि मोशे टेकडीवर हात उंचावून उभा. हात वर असले की त्याचे लोक जिंकत, खाली आले की हरत. तो थकला तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्य मावळेपर्यंत धरून ठेवले. मी वहीची चार पाने भरली होती. पुढाऱ्याचा लोकांवर प्रभाव कसा पडतो, वगैरे. अहरोन आणि हूर यांच्या वाट्याला त्यातल्या दोन ओळी आल्या होत्या.

ज्या शुक्रवारी बोलायचे होते त्याच आठवड्यात, मंगळवारी, जोराचा शमाल, म्हणजे आखातातला वायव्येचा वादळी वारा, सुटला. माझे पप्पा एका टगवर, म्हणजे मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटीवर, इंजिन सांभाळत. त्यांच्या टगचा रेडिओ बंद पडला आणि संपर्क तुटला. ऑफिसातून एकच उत्तर मिळे, "शोध चालू आहे, कळलं की फोन करू, इन्शाल्ला." आई फोनजवळ बसली ती उठेना, जेवेना. गुरुवारपर्यंत मला प्रार्थनेला शब्द सुचेनासे झाले. खरे सांगतो, कुणी ऐकते आहे असेच मला वाटत नव्हते.

शारजाच्या रोल्ला भागात आमच्या इमारतीतल्या आमच्या मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे होता. शुक्रवारी दर कमी, म्हणून दुपारपासून शेजारी गावी फोन लावायला येत. दारात चपलांचा ढीग पडे. समोरच्या खोलीतले रत्नागिरीचे हमीदचाचा इतक्या मोठ्याने बोलत की पप्पा म्हणायचे, "हमीदभाई, फोन कशाला? खिडकी उघडा, भाभींना तसंच ऐकू जाईल!"

त्या शुक्रवारी मात्र कुणीच आले नाही. दोन वाजले, तीन वाजले. मला फार राग आला. "बघ," मी आईला म्हणालो, "आता कुणी फिरकत नाही."

कचरा टाकायला दार उघडले, तर जिन्यावर माणसे बसलेली. हमीदचाचा, खालचा मल्याळी शिंपी, आमच्या सभेतल्या एक मावशी डबा घेऊन.

"चाचा, आत का नाही आलात?"

"अरे, आत आलो की कुणीतरी सवयीने फोन उचलणार. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला आणि लाइन बिझी लागली तर? आज कुणी फोन लावायचा नाही, खलास. सगळ्यांना सांगितलंय मी."

"पण चाची वाट बघत असतील."

"बघू दे. एक शुक्रवार तिच्या कानांना आराम."

मी हसलो, तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि लगेच रडू आले. मावशी आत गेल्या आणि त्यांनी आईला दटावून चार घास खायला लावले. मी पायरीवरच बसून राहिलो. अहरोन आणि हूर यांनी तलवार उचलली नव्हती. लढाईचे काय होणार, हेही त्यांना ठाऊक नव्हते. ते फक्त जागचे हलले नाहीत. माझी प्रार्थना तर कधीच गळून पडली होती. ती या माणसांनी धरून ठेवली होती, आणि त्यांतले कितीतरी देवाला वेगळ्या नावाने हाक मारणारे. मी मनात एवढेच म्हणालो, प्रभू, आता तू बघ. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटले, अजून काहीच कळले नसताना.

फोन वाजलाच नाही. अस्रची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, अजान झाली आणि पप्पांच्या कंपनीचा पठाण ड्रायव्हर धापा टाकत जिना चढून आला. आम्हाला बघून खालच्या वळणावरूनच ओरडला, "पोर्ट से सीधा आया! टग आ गया, दूसरा जहाज खींच के लाया. सब आदमी सलामत! तुम्हारा बाप बोलता है, चाय चढ़ाओ!"