गिरिजाबाईंच्या नाटुकल्यांत झाडही गायचं

जेऊरला भाचीच्या मुलाचं बारसं उरकून मी परतीच्या गाडीची वाट बघत स्टेशनवर बसले होते. आमच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर एकापाठोपाठ हात जोडलेली चित्रं यायला लागली. कुणाचं काय झालं हे कुणीच लिहिलं नव्हतं. वर सरकवत गेले तर गिरिजाबाईंचा फोटो दिसला. निळी इरकल, कपाळावर विभूतीची बारीक रेघ, आणि फोटो काढणाऱ्यावर वैतागलेले डोळे. तेवढ्यात त्यांच्या यजमानांचाच, शिवानंदअण्णांचा, फोन आला. "सुनंदाताई, गिरिजा गेली की ओ..." एवढंच म्हणाले. मी काय बोलले ते आठवत नाही. गाडी आली तेव्हा शेजारच्या बाईंनी माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली, एवढं मात्र आठवतं.

गिरिजा कलशेट्टींनी आणि मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका प्राथमिक शाळेत वर्षानुवर्षं शेजारशेजारच्या वर्गांवर शिकवलं. त्यांच्याकडे तिसरी, माझ्याकडे चौथी. माहेर त्यांचं मैंदर्गीचं. घरात कन्नड, शाळेत मराठी. रागावल्या की मात्र कन्नडच, आणि रागावायच्या पुष्कळ! आमच्या वर्गांत निम्म्याहून जास्त मुलं विणकरांच्या घरची, घरी तेलुगू बोलणारी. काही दखनी बोलणारी, काही अक्कलकोटकडची, कन्नड बोलणारी. पहिलीत आलेल्या पोरानं मराठीत तोंड उघडायला दिवाळी उजाडायची.

त्या वेळी आमचं स्नेहसंमेलन म्हणजे मोठमोठे स्पीकर, त्यावर सिनेमातली गाणी, आणि पुढे चमकीचे कपडे घालून हातपाय हलवणारी पोरं. एका वर्षी एक मुलगा झाड झाला होता. हातात फांद्या धरून तो कार्यक्रमभर मागे उभा. शेवटी त्याला चक्कर आली आणि तो फांद्यांसकट खाली बसला. सगळे हसले. गिरिजाबाई हसल्या नाहीत. "ह्याला एक ओळ दिली असती तर हा पडला असता का ओ? ज्याला काम नाही तोच पडतो," म्हणाल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पहिलं संगीत नाटुकलं लिहिलं, आणि त्यात झाडाला गाणं होतं.

गाणं त्या कुठे शिकलेल्या नव्हत्या. मैंदर्गीत देवळातली भजनं ऐकत वाढलेल्या, तेवढंच. मधल्या सुट्टीत शेंगदाणे खात व्हरांड्यातून फिरायच्या आणि पोरं एकमेकांना हाका कशा मारतात ते ऐकत राहायच्या. "ए लक्ष्मीऽऽ, येतीस का?" ह्या हाकेचीच चाल व्हायची. त्या पहिल्या नाटुकल्यात मैंदर्गीचा बाजार होता. वांगी कन्नडमधून भाव सांगायची, मिरची तेलुगूतून भांडायची, बकरी दखनीत तक्रार करायची आणि झाड सगळ्यांना मराठीतून समजावायचं. पेटी नाही, तबला नाही. पोरांनी घरून मागावरचे जुने लाकडी धोटे आणले होते, ते एकमेकांवर आपटून ठेका धरायचा. समोर बसलेल्या आयांना आपल्या घरातला तो खटखट आवाज ओळखू आला आणि त्या मोकळेपणानं हसल्या. एरवी शाळेत आल्या की पदर सावरून भिंतीला चिकटून बसणाऱ्या बायका त्या!

त्यानंतर दरवर्षी नवं नाटुकलं. आमच्या दोन्ही वर्गांतल्या प्रत्येक मुलाला एक तरी ओळ, आणि ती त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायची, हा नियम. रेकॉर्ड लावून ओठ हलवायला त्यांची सक्त मनाई. बेसूर मुलाला त्या गप्प बसवत नसत, त्याला बेसूर शोभेल असं पात्र देत. मात्र ठेका चुकला की संपलं! मीसुद्धा तालमीत टाळी चुकले म्हणून पोरांसमोर बोलणी खाल्ली आहेत. आपल्या चालींचा त्यांना गर्वही होता. कुणी "छान झालं" म्हटलं की, "छान होणारच की," असं उत्तर यायचं.

...आता त्या वर्षाबद्दल लिहिते. लिहू नये असं बरेच दिवस वाटत होतं.

त्या वर्षीच्या नाटुकल्याचं नाव होतं 'गल्लीतली संध्याकाळ'. कामाला गेलेल्या मोठ्या माणसांची मुलं दारात वाट बघत बसली आहेत, एवढीच गोष्ट. कुणाची आई विडीच्या कारखान्यातून यायची आहे, कुणाचा भाऊ दुकानातून. त्यातलं मुख्य गाणं श्रावणी नावाच्या मुलीला दिलं होतं. चौथीतली, माझ्याच वर्गातली. बारीक, काळीसावळी, आणि गळा असा की मुलं तालमीत आपापली ओळ विसरून ऐकत बसायची.

सायकलची घंटा वाजली का गं?
पिशवीत काय ते सांगशील का गं?
पेरू का बोरं, का चिंचेचा गोळा?
बाबांच्या शर्टाला धुळीचा लळा...

तालमी रंगात आल्या होत्या, आणि एके दिवशी श्रावणी शाळेत आली नाही. तिचे वडील चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते. पाळी संपवून सायकलवरून घरी येताना हायवेवर ट्रकनं उडवलं. जागीच गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर ती शाळेत यायला लागली. वर्गात बसायची, वहीत लिहायची, विचारलं तर उत्तर द्यायची. तालमीच्या वेळी मात्र खाली मान घालून दाराशी उभी राहायची. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं. "मॅडम, तिला त्या गाण्यातून काढा. दुसरी कुणीतरी म्हणेल."

"काढायचं तर गाणं काढते सर. तिचं गाणं दुसरीच्या तोंडी घालणार नाही," गिरिजाबाई म्हणाल्या.

"मग गाणं काढा."

"आधी तिला विचारते."

"तिला काय विचारायचं? एवढंसं पोर ते..."

त्या उठून गेल्याच. मीही मागोमाग गेले. पाण्याच्या टाकीजवळच्या कट्ट्यावर श्रावणीला बसवलं आणि स्वतः खाली फरशीवर बसल्या, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर. "श्रावणी, हे गाणं आपण काढून टाकू या का? तुला नको असलं तर मलाही नको."

तिनं विचारलं, "दुसऱ्या कुणाला देणार?"

"कुणालाच नाही. गाणंच नसेल."

ती पायाच्या अंगठ्यानं फरशीवर रेघा ओढत राहिली. मग म्हणाली, "काढू नका बाई. मी म्हणते."

"रडू आलं तर?"

"आलं तर थांबते. मग म्हणते."

गिरिजाबाई त्या संध्याकाळी तिच्या घरीही गेल्या, एकट्याच. त्यांनीच नंतर सांगितलं, दारात काका होते. आई आत भिंतीला टेकून बसली होती. गिरिजाबाईंनी सगळं सांगितल्यावर काका म्हणाले, "शाळेचं तुमचं तुमी बघा." आई काहीच बोलली नाही. ते न बोलणं गिरिजाबाईंनी होकार समजलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. श्रावणी पुढे आली. पहिली ओळ तिनं अशी म्हटली की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर ती थांबली. मागे बसलेली मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मी विंगेत गिरिजाबाईंच्या शेजारी होते. मी ओळ सांगायला तोंड उघडलं तर त्यांनी माझं मनगट धरलं. "थांब. 'मग म्हणते' असं म्हणाली आहे ती."

आणि त्या शांततेत प्रेक्षकांतून एक हुंदका आला. हुंदका कसला, ओरडणंच ते. श्रावणीची आई उठली, खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढली, आणि पोरीचा दंड धरून तिला खाली घेऊन निघाली. दाराकडे जाता जाता, आईच्या हातात दंड असतानाच, श्रावणीनं पुढची ओळ म्हणायला सुरुवात केली. पेरू का बोरं... मान मागे वळवून, आमच्याकडे बघत. दार बंद झाल्यावरही बाहेरून थोडा वेळ तो आवाज येत होता.

कुणीतरी मोबाईलवर ते सगळं टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी पेठेत फोनाफोनांवर फिरत होतं. लोक बघून डोळे पुसत होते आणि पुढे पाठवत होते. तिचे काका शाळेत आले. "आमच्या घरात मानूस गेलं, आन तुमी तिकिट लावून दाखवल्यावानी दाखवलं!" तिकीट नव्हतं, पण हे त्यांना कोण सांगणार? मुख्याध्यापकांनी हात जोडले. गिरिजाबाई माफी मागायला पुन्हा त्या घरी गेल्या, या वेळी मी बरोबर होते. आई दारात आली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, "बाई, तुमी वाईट न्हाईत. पन माझं घर म्हंजे तुमचं नाटक न्हाय."

पंधरवड्यात श्रावणीचा दाखला काढला. तिला आजोळी, तेलंगणात पाठवल्याचं कळलं.

त्यानंतर गिरिजाबाईंनी शाळेत नाटुकलं बसवलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. उलट नवीन मुख्याध्यापिका आल्या तेव्हा त्यांनी दोनदा गळ घातली. पण नाही. स्नेहसंमेलनात पुन्हा स्पीकर आले, चमकीचे कपडे आले. त्या शेवटच्या रांगेत बसायच्या, निम्म्यात उठून जायच्या. मी कधी विषय काढला तर एकच विचारायच्या, "मी त्या बाईला विचारलं होतं का गं सुनंदा, की नुसतं सांगितलं होतं?" मी म्हणायची, विचारलं होतं. त्या म्हणायच्या, "विचारलं असतं तर उत्तराची वाट बघितली असती. पोरीची बघितली. आईची नाही." श्रावणीला गाऊ द्यायला नको होतं का? मला तसं वाटत नाही. आईचं चुकलं का? तसंही वाटत नाही. इतकी वर्षं झाली, अजून मी त्या विंगेतच उभी आहे असं वाटतं कधीकधी.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी, अण्णांच्याच आग्रहामुळे, त्यांनी घरी पुढच्या खोलीत रविवारी गल्लीतली मुलं जमवायला सुरुवात केली. आवाज बसत चालला होता म्हणून एक जुनी पेटी घेतली. पुन्हा नाटुकली लिहू लागल्या. मला फार आनंद झाला होता. मी ऐकायला गेले. गाणी गमतीची होती, पोरं लोळून हसत होती. चष्मा लावणारा उंदीर, पळून गेलेलं वांगं, संपावर गेलेली छत्री. चालीही गोड. पण त्या गाण्यांत कुणी कुणाची वाट बघत नसे. कुणाच्या घरी कुणी येत नसे, कुणी जात नसे. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांनी ओळखलं. "आता मला पोरांना फक्त हसवायचंय," म्हणाल्या, आणि पेटीचा भाता लावून टाकला.

शेवटच्या आजारपणात दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा बोलणं कुजबुजीवर आलं होतं. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यांनी विचारलं, "ती काय करत असेल गं?" नाव घेतलं नाही. मी म्हटलं, शोधते, आजकाल सापडतात माणसं. त्यांनी उशीवरच मान हलवली. "नको. तिच्या आईच्या कानावर परत माझं नाव नको." मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या.

त्या गेल्यावर काही दिवसांनी, एका रविवारी मी अण्णांकडे गेले होते. दारात एक तरुण मुलगी उभी होती, खांद्याला बॅग. मी ओळखलं नाही. तिनं ओळखलं. "मी श्रावणी, बाई." पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीकडून तिला कळलं होतं.

अण्णांनी पाणी दिलं. तिनं पेला हातात धरून ठेवला, प्यायली नाही. म्हणाली, "लोकांना तो व्हिडिओच आठवतो. मला तो कट्टा आठवतो, टाकीजवळचा. बाबा गेल्यावर मला कुणी काही विचारलंच नाही बाई. शाळा बदलायची का, आजीकडे जायचं का, बाबांची सायकल विकायची का... काहीच नाही. गिरिजाबाईंनी तेवढं विचारलं होतं."

"हे त्यांना कळायला हवं होतं गं," माझ्या तोंडून निघून गेलं.

"यायचं होतं. दरवेळी सोलापुरात आले की वाटायचं." तिनं पेला दुसऱ्या हातात घेतला. "आई अजून त्यांचं नाव काढलं की जेवणावरून उठते. आज इथं आलेय तेपण तिला माहीत नाही. तिला कसं सांगू? तिचंपण खरंच आहे ना."

अण्णा ऐकत होते. तेवढ्यात चपला काढायचे आवाज आले आणि गल्लीतली पोरं खोलीत शिरली, नेहमीच्या सवयीनं. येऊ नका असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रांगेत उभी राहिली आणि अण्णांकडे बघायला लागली.

अण्णा आयुष्यभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केलेला माणूस, गाण्याशी संबंध नाही. त्यांनी पेटीवरचं कापड काढलं, भाता सोडला आणि तर्जनीनं एक काळी पट्टी दाबली. "तिच्याकडून एवढंच शिकलोय मी. ह्याच्यावर म्हणा की," ते म्हणाले. त्या एका सुरावर पोरांनी उंदराचं गाणं म्हटलं. निम्मी चढी, निम्मी उतरती, ठेका तर कुठल्या कुठे. श्रावणी दाराशी भिंतीला टेकून खाली बसली होती. पेला तसाच हातात होता.

गाणं संपलं. अण्णांचा डावा हात भाता हलवत राहिला, बोट पट्टीवरून उठलं नाही. सूर चालूच राहिला. मुलं एकमेकांकडे बघायला लागली, मग पुन्हा अण्णांकडे बघत उभी राहिली. आम्ही कुणीच अण्णांना थांबा म्हटलं नाही.