आज माझा उपवास नाही

"कुणाचं गं हे भरीत? झक्कास झालंय." क्वालिटीच्या मॅडम बोटं चाटत म्हणाल्या.

"माझं," मी म्हणाले.

त्यांचं तोंड थांबलं. घास गालात तसाच. मग हसल्या. "अय्या, आज माझा उपवास ना. विसरलेच बघ." उठल्या, बेसिनवर गेल्या, घास थुंकला आणि खळाखळा चुळा भरल्या.

चाकणच्या आमच्या कंपनीत आम्ही लाइनवरच्या बायका आणि या मॅडम कॅन्टीनमध्ये एकाच टेबलावर जेवतो. डब्याच्या झाकणात भाजी काढायची, झाकण सगळ्यांत फिरवायचं, अशी पद्धत. उपवास आठवायच्या आधी मॅडमनी बाकी सगळ्यांच्या झाकणातलं खाल्लं होतं. जयंतीला मी रजा मागितली होती, तेव्हापासून माझी जात सगळ्यांना ठाऊक. त्या दिवशी माझं झाकण जवळजवळ भरलेलंच परत आलं. आणि मी? मी हसले. "असू द्या मॅडम," म्हणाले. त्या हसण्याची मला अजून किळस येते.

दुसऱ्या दिवसापासून मीच म्हणायला लागले, "आज माझा उपवास आहे." सोमवार, गुरुवार, चतुर्थी, तोंडाला येईल ते. बौद्धाच्या घरची पोरगी, आणि उपवास. आईनं पहाटे उठून केलेला डबा बसथांब्यावर कुत्र्यांना घालायचे. संध्याकाळी आकुर्डीला घरी आले की मोरीचं दार लावायचं आणि हाताला लागेल ते उभ्यानं गिळायचं. मग बोटं घशात. आई बाहेरून विचारायची, "काय गं, पोट बिघडलंय का?"

"काही नाही."

माझं एकच उत्तर. राग आला, काही नाही. रडू आलं, काही नाही. पाळी बंद झाली. केसांचे पुंजके हातात यायला लागले. मरून जावं वाटायचं, आणि तसं वाटण्याचीही भीती वाटेनाशी झाली. एक दिवस लाइनवरच कोसळले.

पालिकेच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी आईला सांगितलं, हा आजार आहे, सोंग नाही. मला म्हणाल्या, "ज्याला भिता, त्याच्यासमोर बसायचं. थोडं थोडं. पळायचं नाही." सुरुवात त्यांच्यासमोर, भरताच्या एका घासानं. मला दरदरून घाम फुटला.

"बसून राहा. काय वाटतंय?"

"काही नाही."

"हे उत्तर नको."

कितीतरी खेपा घातल्यावर तोंडातून निघालं, "राग." आणि ढसाढसा रडले. त्यानंतर घरी आईसमोर जेवायला लागले. जेवल्यावर मोरीत जायचं नाही, तिच्याशेजारी बसायचं. आई माझा हात घट्ट धरून बसायची. मळमळायचं, जीव जाईल असं वाटायचं.

मग कॅन्टीनची पाळी आली. बाई म्हणाल्या, "आपण ज्याला भितो ते बहुतेक वेळा घडतच नाही. ते शरीराला कळू द्या."

माझं डोकंच फिरलं. "बाई, ते घडलंय. उद्या परत घडेल. तुमच्या हातचं खाऊन कुणी चुळा भरल्यात का कधी?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही. चुकलं माझं. मग घडू द्या. घडलं तरी तुम्ही उठू नका."

काल झाकणात भरीत काढलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. शेजारची म्हणाली, "आज उपवास नाही का?"

"नाही. कधीच नव्हता. मॅडम, तुमचाही त्या दिवशी नव्हता."

मॅडमनी डबा उचलला आणि दुसऱ्या टेबलावर गेल्या. बाकीच्या आपापल्या डब्यात बघत राहिल्या. झाकणाला कुणी बोट लावलं नाही. घडायचं तेच घडलं. मी भाकरी मोडली. डोळ्यातलं पाणी भरतात पडत होतं. घास वर यायचा, मी परत गिळायचे. घंटा होईपर्यंत जागची हलले नाही. बेसिनकडे गेले नाही.

बरी झालेली नाही मी. आईला सांगून ठेवलंय, उद्या परत भरीतच दे. झाकण मधोमधच ठेवणार. ज्याला उठायचं त्यानं उठावं. मी जेवून उठेन.