बेचाळीस मिनिटं धरलेली नळी

घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून पाहणं. चहा उभ्यानंच, तोही अर्धा. सव्विसाव्या वर्षी हे चाळे, म्हणून आम्ही त्याला आजोबा म्हणायचो.

आजोबा हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात तंत्रज्ञ. माझा खोलीतला जोडीदार. "तुझ्या कवितेत हृदयात काय काय असतं," तो मला म्हणायचा, "आमच्याकडे नुसता पंप."

पंप बंद पडला की छाती दाबतात. त्याच्या जोडीला त्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नवी पद्धत आणली होती. जांघेतून बारीक नळी आत सारायची आणि मोठ्या रक्तवाहिनीत तिच्या टोकाचा फुगा फुगवायचा. खालची वाट बंद. दाबून निघालेलं थोडंथोडकं रक्त मग हृदयाला आणि मेंदूला मिळतं. आतडी, मूत्रपिंडं, पाय मात्र उपाशी. रक्ताच्या रेट्याने फुगा सरकतो, म्हणून नळी एकाने धरून ठेवायची. धरणारा मध्येच बदलायचा नाही, हा विभागाचा नियम. ते काम आजोबाचं.

मंगळवारी दुपारी हृदय बंद पडलेल्या एका सुताराला आणलं. नळी घातली, फुगा फुगवला. नवव्या मिनिटाला त्याचं हृदय चालू झालं.

"आता हळूच सोड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आजोबाने फुगा थोडा सोडला. रक्तदाब कोसळला. "फुगव, फुगव!" फुगवला, दाब वर आला. असं तीनदा.

"धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं," सिस्टर पुटपुटल्या. "आजोबा, खांदा तरी हलवा."

"खांदा माझा राहिलाय कुठे, सिस्टर?"

पडद्याबाहेर सुताराची बायको कुणाला तरी विचारत होती, "अहो, चालू झालंय ना? मग मला बघू का देत नाही?" आजोबाला सगळं ऐकू येत होतं. हात हलवता येत नव्हता.

चाळिसाव्या मिनिटाला, फुगा असतानाच, हृदय पुन्हा थांबलं. छाती दाबून काही होईना.

"सोड," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याने सोडला नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग त्याच्या बोटांवर स्वतःचा हात ठेवला.

दोन दिवस आजोबा खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून आहे. "आधीच सोडला असता तर, रे?" एवढंच एकदा विचारलं.

हॉस्पिटलमधून तीनदा फोन आला. नोंदीचा कागद त्याच्या कोटाच्या खिशात राहिलाय. फुगवल्याची वेळ सिस्टरच्या अक्षरात आहे. सोडल्याची वेळ नळी धरणाऱ्याने भरायची असते, सहीसकट. तो रकाना कोरा आहे.