लाल कोंबडी

आई-बाबांचं भांडण कशावरूनही सुरू होवो, ते सुरतेवर येऊन थांबायचं. "गावी माझ्या दारात कोंबड्या होत्या," आई म्हणायची. "इथं माझ्या दारासमोर दुसऱ्याचं दार." बाबा सुरतेत बमरोलीजवळच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. तिथला वास अंगात भरून ते घरी येत आणि हे ऐकत. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. आमच्या घरातून तिथवर पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे घरातल्या भांडणातही मी काहीतरी शहाणपणाचं बोलावं असं मला उगाच वाटे.

एका सुट्टीच्या दिवशी बाबांनी दाराबाहेरच्या ओट्यावर खुराडं बांधायला घेतलं, तेही रागातच. पॅकिंगच्या पेट्यांच्या फळ्या, कापडाच्या गाठींना बांधतात त्या लोखंडी पट्ट्या, आणि जाळीच्या जागी लूमच्या टाकून दिलेल्या फण्या. फणी म्हणजे बारीक तारांची लांब चौकट, ताण्याचं सूत तिच्यातून जातं. मांजराचा पंजा तिच्यातून जात नाही. तळाला त्यांनी रंगाचा रिकामा डबा कापून पत्रा अंथरला.

"घे, बांधली तुझी हवेली," ते आईला म्हणाले.

"दार वाकडं आहे," आई म्हणाली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं कुठून तरी दोन पांढऱ्या कोंबड्या आणल्या.

शेजारच्या खोलीत खानदेशातली एक म्हातारी मुलाकडे राहायची. ती आमच्या घरचं पाणी घेत नसे. आमच्याशी बोलताना ती मराठीत यायची, रागावली की अहिराणीत जायची. खुराडं उभं राहिल्यापासून ती बहुतेक अहिराणीतच होती.

कोंबड्या धुळीत लोळतात, त्यानं पिसवा जातात. ओट्याबाहेर सगळी फरशीच, धूळ नव्हती, म्हणून आईनं खुराड्यातल्या पत्र्यावर चुलीची राख पसरली. पत्र्याच्या दुमडीत रंगाची पूड अडकलेली होती हे कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा शेजारच्या दारात माणसं जमली होती आणि मधोमध आमची एक कोंबडी उभी होती. मानेपासून शेपटीपर्यंत लाल. वाकड्या दारातून निसटून ती सरळ म्हातारीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली होती. दुसरी पांढरीच होती, ती बहुधा त्या कोपऱ्यात लोळली नव्हती.

"मना नातू तापमा पडेल शे," आत तापानं फणफणलेल्या नातवाकडे बोट करत म्हातारी बाबांच्या अंगावर आली, "आन् तुम्ही हाई धाडी?"

आजाऱ्यावरून कोंबडी ओवाळायची, तिला कुंकू माखायचं आणि सोडून द्यायची, म्हणजे ती ज्याच्या दारी जाईल त्याच्याकडे दुखणं जातं. याला उतारा म्हणतात. बाबांनी तरुणपणी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले देव आणि असले सगळे प्रकार सोडले होते. त्यांना शिवीगाळ झाली असती तर ती त्यांनी ऐकून घेतली असती, पण हा आळ नाही.

मी मधे पडले. "आजी, हा मिलचा रंग आहे. रसायन असतं ते."

"कालेजमा हाईच शिकाडतस का?" ती म्हणाली, आणि लोक हसले.

"धुऊन दाखवतो," बाबा म्हणाले. त्यांनी घमेल्यात पाणी घेतलं आणि कोंबडी त्यात धरली. ती फडफडली, सगळ्यांच्या अंगावर पाणी उडालं. लाली जराही कमी झाली नाही. घमेल्यातलं पाणी स्वच्छ होतं. ज्या माणसानं आयुष्यभर न जाणारा रंग चढवला, तोच तो धुवायला बसला होता. ते त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांचे हात पाण्यातच थांबले.

"पक्का रंग आहे, राखेच्या खारानं बसला," ते म्हणाले.

"आत्ता पक्का झाला का?" मागून कुणीतरी म्हणालं.

खोल्यांच्या मालकाचा माणूस आला. त्याला दोन्ही बाजू ऐकायच्या नव्हत्या. "सांज सुधी आ बधुं काढी नाखजो," तो म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळं काढून टाका. म्हातारीनं एक वाट ठेवली: बाबांनी तीच कोंबडी नातवावरून उलटी ओवाळून वेशीबाहेर सोडावी, मग खुराडं राहू दे.

"ओवाळा ना," आई हळूच म्हणाली. "काय जातं तुमचं?"

"मी केलं नाही ते उतरवू कसं?"

"माझ्या कोंबड्या जातील."

"जाऊ देत."

त्यांनी स्वतःच फळ्या उपसल्या. पांढरी कोंबडी आईनं ओळखीच्या घरी दिली. लाल कुणीच घेईना, म्हणून ती घरातच पाटीखाली राहिली, मालकाच्या माणसाची चाहूल लागली की आई तिच्यावर गोधडी टाकायची. बाबांशी आई कामापुरतंच बोलायची.

मग पिसं झडण्याचे दिवस आले. लाल पिसं घरभर पडली, खालून पांढरी आली. तोवर नातू ओट्यावर पळू लागला होता. म्हातारीनं दारातून पांढरी कोंबडी पाहिली, आणि बऱ्याच दिवसांनी आमच्याशी मराठीत बोलली.

"शेवटी केलाच ना उतारा, भाऊ. गुपचूप का होईना, लाल सोडून आलात. आता बाहेर ठेवा कोंबड्या, माझं काही म्हणणं नाही. मालकाच्या माणसाला मी सांगते."

"मी काही केलेलं नाही," बाबा म्हणाले.

"बरं, नसेल केला," ती हसून म्हणाली.

आई भिंतीला टेकवलेल्या फळ्या-फण्यांकडे गेली, एक फळी उचलली आणि बाबांसमोर धरली. बाबांनी ती घेतली, पुन्हा भिंतीला लावून ठेवली आणि कामाला निघून गेले. आम्ही ती खोली सोडली तेव्हाही फण्या तिथेच होत्या, गंजलेल्या.