दुसरी थाप

हसायचं असेल तर खुशाल हसा, तुमच्या जागी मीही हसलेच असते. छप्पन साली आमच्या घरानं नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी तिशीला टेकलेली, रंजना कडेवर. त्याच आठवड्यात सासूबाईंनी घरातले ताईत-गंडे स्वतःच्या हातानं नाल्यात फेकले. पुढे शाळेत मास्तरीण झाल्यावर, पिंपळावर हडळ आहे म्हणणाऱ्या पोराचा कान धरून त्याला भर दुपारी त्याच पिंपळाखाली उभं करायची मी. "असं काहीतरी असतं हो..." म्हणत मान डोलावणारी माणसं मला आजही आवडत नाहीत.

तर ऐका. ब्याऐंशी साली आमचे हे मोटार वर्कशॉपमधून रिटायर झाले, पाठोपाठ मीही. हुडकेश्वरला नुकतंच दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, आजूबाजूला तेव्हा नुसती शेतं. वाटलं, आता निवांत बसू. कसलं काय! महिनाभरात एक जुनी मेटॅडोर अंगणात येऊन उभी.

"हे काय आणलं अजी?"

"घर," म्हणाले. "चाकाचं. तुले सांची पाहाची होती ना? बुद्धगया? चाल मंग."

दोन महिने खपून यांनी आत सगळं केलं. झोपायला फळ्यांचा दिवाण, त्याखाली धान्याचे डबे, स्टोव्हसाठी कोपरा, आणि मागच्या दाराला लागून एक मोठं कपाट. त्या कपाटानं मागची काच पार बंद झाली. गाडी मागे घेताना यांना काही दिसेना. मग वर्कशॉपची रीत — खाली उतरून पत्र्यावर थाप मारायची. दोन थापा म्हणजे 'येऊ दे', एक थाप म्हणजे 'थांब'.

"आता तूच माही क्लीनर," हे म्हणाले. घ्या! शाळेची हेडमास्तरीण आता क्लीनर! जुन्या गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी मात्र खूश होते, खोटं कशाला सांगू.

सांची झालं, सारनाथ झालं, बुद्धगयेला तर पंधरवडा राहिलो. अख्खा संसार यांच्या शिफ्टांत आणि माझ्या शाळेच्या घंटेत गेला होता. नवरा-बायको म्हणून निवांत बोलत बसलो ते त्या गाडीतच. मी भाकरी थापायची, हे कांदा चिरायचे आणि रडायचे. "पाय, तुह्यासाठी रडून राहिलो," म्हणायचे. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं.

परतीला रामटेकजवळ थांबलो. कडुलिंबाच्या सावलीत गाडी लावत होतो. झाड जवळ आलं तशी मी एक थाप मारली. गाडी थांबलीच नाही, मागून बुंध्यावर आदळली.

"दोन काहून मारल्या वं?"

"एकच मारली."

"मास्तरीन, माह्ये कान शाबूत हायेत. दोन आल्या."

कडाकडा भांडलो आम्ही. वर्कशॉपच्या ठोकाठोकीनं तुमचे कान गेलेत, असं म्हणून मी यांना कानाच्या डॉक्टरकडे नेलं. कान ठणठणीत निघाले.

नंतर पुन्हा झालं. नेहमी नाही... मध्ये बरेच दिवस काहीच नाही, आणि मग अचानक एके दिवशी. मी एक मारायची, यांना दोन ऐकू यायच्या. मनसरच्या फाट्यावर एक बाई भजी तळत होती. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बाई, हात तर तुमी एकदाच मारला. मंग आवाज दोन कसे आले?"

 मला तर दुसरा आवाज आलाच नव्हता. माझा तळहात पत्र्यावर टेकलेला होता — पत्रा पुन्हा थरथरलासुद्धा नव्हता.

नागपूरला आल्यावर मी गाडीची चौकशी केली. आधी ती इतवारीतल्या एका बेकरीची होती. ना अपघात, ना कोणी मेलेलं. पावाची गाडी! यांनी तर थट्टाच केली — "भूत असन बी, तं क्लीनरचं असन. बिचाऱ्याची ड्युटी संपली नसन!" पण त्यानंतर आम्ही ठरवलं, थाप बंद. थांबवायचं तर मी ओरडायचं. आणि मग पुढे खरंच काही झालं नाही. मीही मनातून काढून टाकलं.

वर्ष होत आलं तेव्हा काटोलला गेलो. तुळशीरामभाऊ, यांचे वर्कशॉपचे मित्र, त्यांची संत्र्याची बाग. मृगबहाराची तोड चालू होती, बागेत माणसंच माणसं, लख्ख ऊन. विहिरीच्या अलीकडे आंब्याचं झाड होतं, त्याखाली गाडी लावा म्हणाले. विहिरीला कठडा नव्हता. मी उतरून मागे उभी राहिले. दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या फांद्या, यांना आरशात नुसती पानं दिसत असणार. आंबा आला, गाडी आंबा ओलांडून विहिरीकडे यायला लागली. मी ओरडले, "थांबा!" शेजारी पाण्याचं इंजिन धडधडत होतं. माझं मलाच ऐकू आलं नाही. पुन्हा ओरडले. मग हातच पुढे गेला.

एक थाप मारली. जिवाच्या आकांतानं, एकच.

गाडी थांबली. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. क्षणभर ती पूर्ण थांबली... आणि मग पुन्हा मागे यायला लागली. मी आणखी थाप मारायला हात उचलला होता. पण मारली की दोन होतील, या भीतीनं तो हात तसाच वर राहिला. मी बाजूला पडले. मागची चाकं काठावरून गेली आणि गाडी आत.

बागेतल्या माणसांनी दोर टाकून यांना वर काढलं. पोलिसांना तुळशीरामभाऊ म्हणाले, "वयनीनं दोन थापा मारल्या, म्या आयकल्या." सज्जन माणूस. जे ऐकलं ते सांगितलं त्यांनी.

नागपूरच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी दुपारी यांनी डोळे उघडले. छाती पार चेपली होती. रंजना पायथ्याशी उभी होती. माझ्याकडे बघून हे म्हणाले, "दुसरी... काहून मारली वं?"

काय सांगू? मी मारली नाही म्हटलं, तर मग कोणी मारली? तो प्रश्न उशाला घेऊन जाऊ द्यायचं का मी या माणसाला? जन्मभर कशाला न भ्यालेला माणूस हो! मी त्यांचा हात धरला.

"चुकलं माझं. मीच मारली."

त्यांच्या कपाळावरची आठी गेली. "जाऊ दे वं... नवीन क्लीनर हायेस," म्हणाले, आणि घशातल्या घशात हसले. संध्याकाळी गेले.

मी आजही भुतं मानत नाही. त्या विहिरीतलं पाणी उपसून गाडी बाहेर काढली तेव्हा मागचा पत्रा मी बोट फिरवून फिरवून पाहिला. पत्रा तो पत्राच. ती दुसरी थाप कोणाची, मला माहीत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

रंजनानं दवाखान्यातलं माझं ते बोलणं ऐकलं होतं. नंतर मी तिला खरं काय ते सांगितलं, दोनदा सांगितलं. "हो आई," म्हणाली. मला तिनंच सांभाळलंय, औषध-पाणी सगळं वेळेवर, कधी एका शब्दानं बोलली नाही. परवा बाजारात रस्ता ओलांडायचा होता, नातवानं माझं बोट धरलं. तिनं हळूच ते सोडवलं आणि त्याला आपल्या बाजूला घेतलं.