एनिडचा पब

एनिड प्रोबर्टच्या पबात काउंटर नव्हतं. तिच्या घराची पुढची खोली, तोच पब. भिंतीला लागून दोन लांब बाकं, मधे विस्तव. मागच्या खोलीतल्या पिंपातून ती मोठ्या सुरईत बिअर काढून आणायची आणि आमच्या ग्लासांत ओतायची. इंग्लंडमधल्या हेरफर्डशरच्या त्या डोंगरात संध्याकाळी दुसरीकडे जायचं तरी कुठे?

विल्फ बेंगो शेतांची कुंपणं विणायचा. त्याची बायको गेली त्या हिवाळ्यात तो कुणाशी अक्षरही बोलला नाही. पण रोज यायचा, विस्तवाशेजारी बसायचा. एनिड न विचारता त्याच्यापुढे ग्लास ठेवायची आणि लोकर-सुया घेऊन समोर बसायची. कुणी त्याला बोलतं करायला गेलं, तर ती नुसती बघायची. विचारणारा विषय बदलायचा. मेंढ्या व्यायला लागल्या तेव्हा एकदा विल्फ आपणहून म्हणाला, "यंदा जुळी फार झालीत." आम्ही सगळे लगेच मेंढ्यांवर बोलायला लागलो, जणू तो कधी गप्प नव्हताच.

पुढे गाव विरळ होत गेलं. म्हातारे गेले, त्यांची घरं शहरवाल्यांनी शनिवार-रविवारसाठी घेतली. एनिडचा खुबा दुखायला लागला, पिंपं हलवेनात. तिनं पब बंद करायचं म्हटलं, तर चर्चच्या हॉलात सभा भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. पब म्हणजे गावाचा प्राण, असं जो तो उठून सांगत होता. शेवटी एनिडला बोलायला लावलं.

"सगळे इतकं चांगलं बोललात, बरं वाटलं," ती म्हणाली. "पण काल माझ्याकडे एकटा विल्फ होता. आज तोही इथे आलाय, म्हणून कुलूप लावून आले."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. काही दिवस गर्दी झाली, फोटो निघाले. मग पाऊस लागला आणि सगळं पहिल्यासारखं झालं. पानं गळायच्या सुमारास पब बंद झाला. एनिड लेमस्टरला भाचीकडे राहायला गेली.

विल्फला मी घरी बोलवायचो. यायचा, पण पाहुण्यासारखा. चहा संपला की उठायचा. एकदा बस म्हटलं, तर म्हणाला, "तुझ्याकडे आलं की बोलावं लागतं रे." नंतर यायचा थांबला. तो गेला, तेही मला पोस्टमनकडून कळलं.

दफनाला एनिड काठी टेकत आली. उरकल्यावर आम्ही चर्चच्या फाटकापाशी घुटमळत राहिलो. पूर्वी कुणी गेलं की पावलं तिच्याकडेच वळायची. गेलेल्याच्या खोड्या आठवून तिथे हसायचो, रडायचोही. आता काय करावं ते कुणाला सुचेना. भुरभुर सुरू झाली.

"जा रे घरी, भिजाल," एनिड म्हणाली.

जो तो आपापल्या गाडीकडे गेला.