उंच वाफे

आशाबाई वाकत नसे. मोहफुलं वेचताना तिचा नवरा गुणवंतराव तिच्या शेजारीच वाकला होता, तेव्हा वाघाने त्याला नेलं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे मूल तालुक्यातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. तेव्हापासून ती झाडलोट करायची तीही लांब दांड्याच्या खराट्याने, उभ्याने. भाताची रोवणी सोडली ती सोडलीच. लोक तिला ताठबाई म्हणत. लोकांचं काय जातं.

वस्तीत समाजमंदिरामागे सगळ्यांसाठी बाग निघाली. कपडे शिवणारी सुलताना चाकाच्या खुर्चीत बसायची, तिचा हात पोचावा म्हणून वाफे उंच बांधले, मधल्या वाटा रुंद ठेवल्या. आशाबाई पहिल्यांदा आली आणि उभ्याउभ्या मातीत हात घालून रडली. मग रोज संध्याकाळी दोघी चवळीला पाणी घालू लागल्या, आणि किती वर्षांनी आशाबाईला शांत झोप लागू लागली.

पावसाळा सरता सरता वेल वाफ्यांवरून खाली लोंबले. मधल्या वाटा बाहेरून दिसेनाशा झाल्या. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वस्तीतली कुत्री मात्र बागेत यायची बंद झाली.

एका संध्याकाळी सुलताना अगदी टोकाच्या वाफ्याशी होती. पलीकडच्या वाटेत वेल हलले. वारा नव्हता. ते हलत हलत जवळ आले आणि थांबले. आशाबाईने सुलतानाची खुर्ची मागे ओढली, पण खुर्ची हलेना. घसरू नये म्हणून सुलतानाने चाकाखाली दगड लावून घेतला होता, पार खाली, वेलांच्या आत.

सुलतानाला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती हळूच म्हणाली, "तुम्ही निंगा, आशाबाई. कोणाले तरी बोलवा."

आशाबाई वाकली. त्या वाटेकडे पाठ करून, गुडघा टेकून, पार जमिनीपर्यंत. इतकी ती जन्मात भ्याली नव्हती. दगड निघाला, आणि खुर्ची ढकलत ती फाटकाबाहेर पडली.

रानडुक्कर असेल, म्हणून लोकांनी तिची समजूत घातली. सकाळी ओल्या मातीत तिच्या गुडघ्याचा ठसा होता, आणि वाघाचे पंजे थेट त्याच्यापर्यंत आलेले होते.

बागेला कुलूप लावायचं सगळ्यांनी ठरवलं. सुलताना मान खाली घालून बसली होती.

"कुलूप नाई," आशाबाई म्हणाली. "सुलतानाचा उंच वाफा फाटकापाशी बांधा. बाकीचे पाडून जमिनीबरोबर करा, त्याले लपाले जागा नको. मी वाकीन."